ठोक्याला ओ द्यायची नाही

मी रंभा. ठाण्याला एका ट्रस्टच्या मनोरुग्णालयात नर्स होते, शेवटी शेवटी बायकांच्या वॉर्डाची इनचार्ज. लोक अजून ‘वेड्यांचं इस्पितळ’ म्हणतात आणि मला त्या शब्दाची चीड आहे. कोणी म्हटलं की मी तिथल्या तिथे झाडते, मग तो रिक्षावाला असो नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी. माझी जीभ तिखट आहे, सगळ्यांना ठाऊक आहे.

निवृत्त झाल्यावर कोपरीतली भाड्याची खोली सोडून मी मुलाकडे आले. राजरत्न डोंबिवलीला मानपाड्यात राहतो, एमआयडीसीत कामाला आहे. सून पायल ठाण्याच्या एका लॅबमध्ये. दोघं सकाळी डबे घेऊन बाहेर पडतात ते संध्याकाळीच उगवतात. म्हटलं, चला, आयुष्यभर कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरले, आता दुपारी पाय पसरून झोपायचं. कसलं काय!

एका दुपारी नुकता डोळा लागला होता आणि कपाटामागच्या भिंतीतून आवाज आला. ठक. थोडं थांबून ठक ठक. परत ठक.

मी ताडकन उठून बसले. कारण तो आवाज मला नवा नव्हता.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे अजून कोठड्या होत्या. लोखंडी दार, खाली ताट सरकवायला फट, आत एक बाई आणि एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा मग. जी फार आरडाओरडा करी तिला आत टाकायचे. ओरडून घसा बसला की ती मगाने दार वाजवायची. दुपारभर वाजवायची. आम्हा नव्या पोरींना जुन्या सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, ठोक्याला ओ द्यायची नाही. ओ दिली की वाजवणं वाढतं, मग सगळा वॉर्ड वाजवायला लागतो. आम्ही कानाआड करायला शिकलो. पुढे कोठड्यांची दारं निघाली, तिथे शिवणाची मशिनं आली, कायदा बदलला, डॉक्टरच्या हुकमाशिवाय कोणाला बांधायची सोय राहिली नाही. फार चांगलं झालं. पण तो ठोका कानात बसला तो बसलाच होता, आणि आता तोच ठोका माझ्या मुलाच्या भिंतीतून येत होता.

भिंतीपलीकडे कुंडलिकराव राहायचे. एका कंपनीत सिक्युरिटीचे सुपरवायझर. बायको शेवंती गेल्या वर्षी वारली, मुलगी शिवानी तेव्हापासून मामाकडे, साताऱ्याकडच्या गावी. हे सगळं मला आल्या आल्या बिल्डिंगमधल्या बायकांनी पुरवलं होतं. माणूस सकाळी कुलूप लावून जायचा आणि संध्याकाळी पिशवी घेऊन परत यायचा. कोणाच्या अध्यात ना मध्यात.

मी त्यांना जिन्यात गाठलं. “कुंडलिकराव, दुपारी तुमच्याकडे काही ठोकाठोक चालते का हो?”

ते पायरीवरच थांबले. “नाही हो सिस्टर. घरात कोणी नसतंच दिवसभर. उंदीर असतील.” आणि रुमालाने कपाळ पुसलं. चार मजले चढून आलेला माणूस, घाम येणारच, असं मला वाटलं.

पण उंदीर कुठे थांबून थांबून वाजवतो? रविवारी राजरत्न-पायल घरात होते, तर दिवसभर एकही ठोका नाही. सोमवारी मी एकटी, तर पुन्हा सुरू. म्हणजे मी एकटी असले की येतो आणि माणसं असली की जातो. हे असलं मी किती बायकांच्या केसपेपरवर लिहिलं असेल!

आणि माझी सख्खी आत्या. तिला याच वयात भिंतीतून लेझीम ऐकू यायला लागली होती. आम्ही पोरं हसायचो. मग एक दिवस तिला गाडीत घालून नेलं आणि ती परत आलीच नाही. त्या घरातलं रक्त माझ्यातही आहे.

मला कशाची भीती वाटत होती ते सरळ सांगते. मरणाची नाही. मला भीती वाटत होती ती त्या फाटकाची, ज्या फाटकातून मी इतकी वर्षं बिल्ला लावून आत गेले. राजरत्न माझा हात धरून मला तिथे नेईल, माझ्याच हाताखाली शिकलेली कोणी पोरगी माझ्या बांगड्या काढून घेईल, केसांत उवा आहेत का बघेल आणि गोड आवाजात म्हणेल, “बसा हं मॅडम.” म्हणून मी कोणाला काही बोलले नाही. भिंतीवर उलट एक ठोका मारून बघावा असं सुद्धा कधी केलं नाही. जे नाहीच त्याला ओ दिली की ते वाढतं, हे मला पक्कं माहीत होतं ना!

मग एका सोमवारी कुंडलिकरावांना ड्यूटीवर झटका आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. कंपनीच्या लोकांनीच कल्याणला दवाखान्यात टाकलं. आमचा सेक्रेटरी कमलेश आणि दोघं-तिघं जाऊन बघून आले. फोन लॉक, त्यामुळे मुलीचा नंबर नाही, मामाचा नंबर नाही. “बिचाऱ्याला एक शब्द बोलता येत नाही, मावशी,” कमलेश दारात उभा राहून सांगत होता. “घराला कुलूप आहे तेवढं बरं. चोरीची काळजी नाही.”

तो हे सांगत असताना त्याच्या खांद्यावरून मला ते कुलूप दिसत होतं. भलंमोठं, पितळी. आणि तो खाली गेला, मी दार लावून खोलीत आले, तर भिंतीतून ठोके. नुसते ठोके नाहीत, धडाधड. आता दुपार नाही, संध्याकाळ नाही, कधीही.

आता काय राहिलं होतं? घरमालक कल्याणला खाटेवर, दाराला बाहेरून कुलूप, आत चिटपाखरू नाही. तरी मला ऐकू येतंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायल घरी आली तेव्हा ठोके चालूच होते. मी मनाचा हिय्या केला आणि तिला हाक मारली. “पायल, अगं माझा चष्मा बघ गं कपाटामागे पडलाय का.”

ती आली, वाकली, कपाटामागे हात घातला. तिचा कान भिंतीपासून वीतभर. आणि ठोका थांबला. असा थांबला जसं कोणी श्वास रोखून धरलाय. पायलने मोबाइलचा उजेड पाडला, इकडेतिकडे बघितलं, म्हणाली, “नाहीये हो आई. तुमच्या कपाळावर आहे चष्मा,” आणि हसत निघून गेली. ती स्वयंपाकघरात पोचली असेल नसेल, ठक. ठक ठक.

निकाल लागला होता.

बुधवारी मी कल्याणला गेले, जिथे मला कुत्रंसुद्धा ओळखत नाही अशा एका डॉक्टरकडे. स्वतःचं म्हणून आईचं नाव दिलं. आयुष्यात पहिल्यांदा टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीत बसले. डॉक्टर तरुण होता, नीट बोलला. “आवाज काय म्हणतो, आजी?”

“म्हणत काही नाही. ठोकतो.”

“तुम्हालाच ऐकू येतो?”

“मलाच.” त्याने गोळी लिहून दिली. छोटी पांढरी, माझ्या चांगल्या ओळखीची. हजारो बायकांच्या जिभेवर ठेवून, तोंड उघडायला लावून, गिळली का ते बघितलेली. त्या संध्याकाळी मी ती आरशासमोर घेतली आणि स्वतःलाच तोंड उघडून दाखवलं.

गोळीने झापड आली. गुरुवारी दुपारी ठोके आले, पण हलके. लांब लांब अंतराने. मी पडल्या पडल्या ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांतून आनंदाने पाणी येत होतं. उतरतंय गं बाई, उतरतंय! संध्याकाळपर्यंत भिंत अगदी शांत झाली. शुक्रवारी सकाळी उठले तर नुसती शांतता. मी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, वंदना घेतली, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर नाश्ता केला. पायलला त्या दिवशी सुट्टी होती. ती म्हणाली, “आई, आज खुशीत दिसताय.” मी म्हटलं, “का, म्हातारीने खुशीत राहू नये असा काही नियम आहे का तुमच्या डोंबिवलीत?”

इतकं हलकं वाटत होतं की कोणाला तरी सांगावंसं वाटलं. मी विनिताला फोन लावला. माझ्याच हाताखाली तयार झालेली, आता माझ्याच खुर्चीत इनचार्ज म्हणून बसलेली. मी आडून आडून सांगितलं. “आमच्या ओळखीतली एक बाई आहे गं. भिंतीतून ठोके ऐकू यायचे तिला. परवा संध्याकाळी गोळी सुरू केली, आज बघ, एकदम बंद.”

विनिता हसली. “परवा? मॅडम, काय थट्टा करता! तुम्हीच ना आम्हाला घोकून घेतलेलं, नातेवाइकांना सांगा, आवाज जायला आठवडे लागतात, लगेच फरक पडला नाही म्हणून गोळी सोडू नका. दोन दिवसांत झोप येईल फार तर. आवाज कसा जाईल?”

ती पुढे काहीतरी बोलत राहिली. मी फोन मांडीवर ठेवला.

दोन दिवसांत आवाज जात नाही. मला हे माहीत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मग हा कसा गेला? हलका हलका होत, लांब लांब होत... गोळी लागू पडल्यावर आवाज असा जात नाही. माणूस थकल्यावर असा जातो. सोमवारी कुंडलिकराव कामावर गेले, घराला कुलूप, आज शुक्रवार.

मी उठून कपाट ढकललं. अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. भिंतीला कान लावला आणि मूठ आवळून वाजवलं. ठक, ठक ठक. वाट बघितली. परत वाजवलं. “कोण आहे? अगं, कोण आहेस तू?” मी ओरडले.

काही नाही. एवढे दिवस जो आवाज बंद व्हावा म्हणून मी जीव टांगणीला लावला होता, तो आता एकदा यावा म्हणून मी भिंतीला डोकं टेकून उभी होते.

मागे वळले तर दारात पायल. तिच्या हातात माझं गोळ्यांचं पाकीट. “आई,” ती हळू आवाजात म्हणाली, “हे तुमच्या उशीखाली सापडलं. मी मोबाइलवर बघितलं कशाची गोळी आहे ते.”

“पायल, ते नंतर. पलीकडे कोणीतरी आहे. कुंडलिकरावांच्या घरात. मरतंय कोणीतरी.”

“हो हो. आपण बघू हं. तुम्ही बसा बरं आधी. पाणी प्या. मी यांना फोन करते.”

तो आवाज! तसाच गोड, तसाच सावकाश. तो मीच वापरत आले, खवळलेल्या बाईपुढे, मागे दोघीजणींना चादर घेऊन तयार ठेवून. तेव्हाच कळून चुकलं, आता मी जितकं खरं बोलेन तितकी वेडी ठरेन. आणि खरंच पलीकडे कोणी नसलं तर? तर उद्याच राजरत्न मला फाटकाशी उभं करेल, आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

तरी मी तिला बाजूला सारून जिन्यात गेले. कमलेश खालून वर येतच होता. “कुलूप तोड,” मी म्हटलं. “आत माणूस आहे.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मागे उभ्या पायलकडे बघितलं. पायलने मान हलवली, नाही म्हणून. “मावशी, आत कसं कोण असेल? मी स्वतः कुलूप बघितलंय. मालक दवाखान्यात, आपण दार फोडायचं म्हणजे उद्या पोलीस केस. तुम्ही आत जा, आराम करा.”

मग मी काय केलं माहितीये? छाती फुटेस्तोवर बोंबलले. “गॅस! कुंडलिकरावांकडे गॅस सुटलाय! वास येतोय, पळा!”

एका मिनिटात सगळा जिना भरला. कोणी मेन स्विच बंद करायला धावलं, कोणी पोरं उचलून खाली पळालं. “हो, हो, येतोय वास,” तिसऱ्या मजल्यावरची बाई नाक धरून म्हणाली. “मला तर सकाळपासून येतोय,” दुसरी म्हणाली. बघा, नसलेला वास चार जणांना आला. आणि वेडी मी!

कमलेशने पहार आणली. दोन घाव घातले तेव्हा कडी उचकटली.

बाहेरची खोली नीटनेटकी. दोरीवर वाळत घातलेला एक बायकी गाऊन. शेवंतीला जाऊन तर वर्ष झालं होतं. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी, कडीला कुलूप. “इथे कशाला कुलूप?” कमलेश पुटपुटला. मी हात केला, तोड म्हणून. त्याने तेही तोडलं.

खिडकीला प्लायवूड ठोकलेलं. वास असा की माणसं मागे सरली. मोरीच्या कडेला रिकामी बादली. आणि माझ्या खोलीला लागून असलेल्या भिंतीशी, जमिनीवर, तिशीतली एक मुलगी मुटकुळं करून पडलेली. स्टीलचा पेला जवळच होता, त्याची कड ठोकून ठोकून चेपलेली.

मी खाली बसले. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. मनगट हातात घेतलं. आधी काही लागेचना. मग लागली नाडी. दोऱ्यासारखी, पण होती.

“पायल, पाणी आण. मीठ-साखर घाल. चमचा आण. कमलेश, ॲम्ब्युलन्स!” आता कोणी मला बसा म्हटलं नाही. पायल वाटी घेऊन आली आणि त्या घाणीत माझ्याशेजारी बसली. तिचे डोळे वाहत होते. मी थेंब थेंब ओठांवर सोडत होते. पाच-सात चमच्यांनंतर मुलीने डोळे उघडले आणि म्हणाली, “बाबा आले?”

ती शिवानी. मामाकडे कधी गेलीच नव्हती.

सलाइनवर दोन दिवसांनी ती बोलायला लागली. आई होती तोवर आई तिला धरून असायची, गोळ्या द्यायची, गच्चीवर फिरवायची. आई गेल्यावर बाबा कामावर जाताना कुलूप लावायचे. संध्याकाळी येऊन स्वतःच्या हाताने भरवायचे, वेणी घालायचे. दुपारी तिला भीती वाटायची म्हणून ती वाजवायची. “पण कोणी आलं की मी गप्प व्हायचे,” तिने मला सांगितलं. “बाबा म्हणालेले, लोकांना कळलं तर तुला तिथे नेऊन टाकतील. गप्प राहिलीस तर नाही नेणार.” तिथे म्हणजे कुठे, हे मला विचारायची गरज नव्हती.

मला कुंडलिकरावांचा इतका राग आला होता की समोर असते तर कानशिलात लगावली असती. त्याच रागात मी कल्याणला गेले. मोठा वॉर्ड, खिडकीशेजारची खाट. उजवं अंग लुळं. आणि डावा हात खाटेच्या दांड्याला पट्टीने करकचून बांधलेला.

“हे कशाला?” मी तिथल्या सिस्टरला विचारलं. अगदी नवी पोरगी.

“आल्यापासून नुसता दांडा वाजवतायत, आजी. दिवसभर. बाकीच्यांना त्रास होतो. कन्फ्युज्ड आहेत.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतके दिवस हा माणूस ओरडून सांगत होता, त्याच्याकडे जेवढं उरलं होतं तेवढ्याने. आणि त्याला कोणी ओ दिली नव्हती. मी पट्टी सोडली. मनगटावर लाल वळ उठले होते. त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “कुंडलिकराव, दार उघडलं. शिवानी जिवंत आहे.”

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. तोंड वाकडं झालेलं, त्यातून कसाबसा आवाज निघाला. “कु... कु...” मला कळलं. कुठे.

मी त्या दिवशी गॅसचं धडधडीत खोटं बोलले होते, आता अजून एक बोलले असते तर काय बिघडलं असतं? माझ्या घरी आहे, म्हणायचं. पण जीभ वळली नाही. “ठाण्याला,” मी म्हटलं. “आमच्या इस्पितळात. विनिताच्या वॉर्डात.”

फाटकाशी घाबरलेली माणसं मी खूप पाहिली, पण असा चेहरा नाही पाहिला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मान हलवत राहिले, नको, नको. “कोठड्या नाहीत आता तिथे,” मी म्हणाले. “खिडकी आहे, बाकीच्या बायका आहेत. मी रोज जाते.” त्यांना पटत नव्हतं. कसं पटेल? मला तरी कुठे पटलं होतं, मी तर तिथेच जन्म घालवला होता.

त्यांनी माझा हात झिडकारला आणि दांड्यावर मूठ आपटायला सुरुवात केली. जोरजोरात. आजूबाजूचे पेशंट उठून बसले. ती नवी सिस्टर पट्टी घेऊन धावत आली. “आजी, बाजूला व्हा. बांधते मी.”

“बांधायचं नाही,” मी म्हटलं.

“अहो, लागेल त्यांना!”

मी माझा पंजा त्यांच्या मुठीच्या आणि लोखंडाच्या मध्ये धरला. ते माझ्या हातावर वाजवत राहिले. चांगलंच लागत होतं, पण मी हात काढला नाही.